पाणी कुठवर आलं होतं? : उत्तरलेखनाच्या एका पुस्तकाची प्रस्तावना

पंचवटीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत मी एकदा एक वाक्य वाचलं: 'गोदावरीला प्रचंड मोठा पूर आला व जनजीवन विस्कळीत झाले.' 'प्रचंड'खाली रेघ मारली आणि तिला जवळ बोलावून विचारलं, "प्रचंड म्हणजे किती गं?" ती गोंधळली. मग हात छातीशी नेत म्हणाली, "मॅडम, दुतोंड्या मारुतीच्या इथपर्यंत पाणी होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. बाबांनी दुकानातला सगळा माल रातोरात माळ्यावर चढवला."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"असं लिहितात का पेपरात?"

तिचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हे पुस्तक त्यातूनच आलं.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात नदी फुगली की नाशिककर एकमेकांना विचारतात, पाणी मारुतीच्या कुठवर आलं? घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्या एका शब्दावर कोण दुकान आवरायचं ठरवतो, कोण घरच्यांना फोन करतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे जलसंपदा विभाग सांगतोच, तो आकडा बातमीत येतो आणि तोही लागतोच. पण नदीकाठच्या माणसाला मारुती दिसतो. एक पुरावा कागदावरचा, एक डोळ्यांसमोरचा. त्या मुलीकडे दुसरा होता आणि पहिला तिला पाच मिनिटांत सापडला असता. तरी तिने दोन्ही सोडून 'प्रचंड' हा शब्द निवडला, कारण पेपरात लिहायची मराठी वेगळी असते, ती गाईडमध्ये असते, असं तिला कुणी न सांगताच शाळेपासून कळलेलं होतं.

पुस्तक आत्ता लिहायला एक निमित्तही आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०१२ पासून जवळजवळ पूर्णपणे बहुपर्यायी झाली होती. भाषेचा एक लहान लेखी पेपर तेवढा उरला. पुढची दहा-बारा वर्षं अभ्यासिकांमध्ये बसलेली मुलं योग्य पर्यायाचं वर्तुळ काळं करायला शिकत होती आणि त्यात ती अतिशय तरबेज झाली. २०२२ मध्ये आयोगाने वर्णनात्मक पद्धत परत आणण्याचं जाहीर केलं. तयारीला वेळ मिळावा म्हणून विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर बसले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने नवी पद्धत २०२५ पासून लागू करण्याचं मान्य केलं. आता लेखी परीक्षेचे नऊ पेपर आहेत. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, पण ते फक्त पात्रतेपुरते. निबंधाचा एक, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन हे सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे. म्हणजे गुणवत्ता यादीसाठी लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५.

हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. उद्या तहसीलदार म्हणून बसणाऱ्या माणसाला पंचनामा लिहायचा असतो, अहवाल लिहायचा असतो, कुणाच्या अर्जावर चार ओळींत आपला निर्णय कारणासह नोंदवायचा असतो. त्याच्यासमोर चार पर्याय छापून कोणी ठेवत नाही. पण अशोकस्तंभापासून गंगापूर रोडपर्यंतच्या अभ्यासिकांतली किंवा सिन्नर-येवल्याहून रोज एसटीने येणारी मुलं या बदलाला कशी सामोरी गेली हे मी जवळून पाहिलं आहे. ज्यांना सामान्य अध्ययनाची हजारो तथ्यं पाठ होती, त्यांना १५० शब्दांचा एक परिच्छेद लिहिता येईना. माहिती कमी होती म्हणून नव्हे. कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची हे ठरवण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

ही अडचण आयोगाच्या परीक्षेत सुरू होत नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाची कृती असते. उतारा वाचायचा आणि त्यातल्या विचारावर आपलं मत थोडक्यात मांडायचं. मला ही संपूर्ण कृतिपत्रिकेतली सर्वांत मोलाची कृती वाटते. पंधरा वर्षांच्या मुलाला शाळा अधिकृतपणे विचारते, तुला काय वाटतं आणि का वाटतं? आणि त्याच कृतीची तयार उत्तरं बाजारात मिळतात. स्वतःचं मत पाठ करून लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. त्यांना कुणी उताऱ्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून 'तुझं मत या ओळीतून निघतं का?' असं विचारलेलंच नव्हतं. तेवढं एक वर्षभर विचारत राहिलं, तर पुढची निम्मी शिकवणी लागणार नाही.

पुरावा म्हणजे काय, याची व्याख्या मी या पुस्तकात कुठे दिलेली नाही. तिच्याऐवजी एक उदाहरण देते, आपल्याच गावातलं. 'काळाराम मंदिर सत्याग्रहाचे महत्त्व स्पष्ट करा.' या प्रश्नाच्या उत्तरात मी अनेकदा वाचलं आहे की या सत्याग्रहामुळे अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळाला आणि समतेचे नवे पर्व सुरू झाले. वाक्य डौलदार आहे आणि चूक आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नाशिकमध्ये चिकाटीने चालवला, वर्षांमागून वर्षं गेली आणि सत्याग्रहींसाठी मंदिराचं दार उघडलं नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून तो थांबवण्यास सांगितलं. मूर्तिपूजा करता यावी हा आपला हेतू नव्हता, आपल्या समाजाला त्याच्या स्थितीची जाणीव व्हावी यासाठी हा लढा होता, असा त्या पत्राचा आशय आहे. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली.

आता महत्त्व कशात आहे? दार उघडलं यात नाही, कारण ते उघडलंच नाही. ते न उघडल्यामुळे एका मोठ्या समाजाची दिशा बदलली, यात आहे. नाशिक ते येवला हे अंतर एसटीने दोन-अडीच तासांचं, पण उत्तरात ते १९३० ते १९३५ असं मांडलं की वाचणाऱ्याला तर्क दिसतो. तीन तारखा आणि एक पत्र. विद्यार्थी मला म्हणतात, मॅडम, तारखा तर आम्हाला पाठ आहेत. पाठ असतात हे खरं. पण 'समतेचे पर्व' लिहिणाऱ्यालाही त्या पाठ होत्या. त्याने आपलं विधान आणि आपल्या तारखा एकमेकांसमोर उभ्या केल्या नाहीत, एवढंच झालं. पुरावा विधानाला जोडल्याशिवाय पुरावा होत नाही. सुटा असेपर्यंत ती नुसती माहिती.

असं लिहिणं आपल्या भाषेत नवं नाही, हे मुलांना कळावं म्हणून मी दरवर्षी वर्गात मुक्ता साळवेचा निबंध वाचते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. तिने वयाच्या चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विद्यार्थ्याने लिहिलेलं, पुराव्यावर उभं असलेलं मराठी गद्य शोधायचं तर मी तिथूनच सुरुवात करीन. तिने पेशवाईतल्या छळाच्या गोष्टी ठिकाणासकट सांगितल्या. आपल्या वस्तीतल्या बायका घरावर छप्परही नसताना बाळंत होतात, तेव्हा थंडी-पावसाने त्यांचे काय हाल होत असतील, हे स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा, असं तिने वाचणाऱ्यांना बजावलं. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारच नसेल तर आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न तर पंडितांनाही अडचणीत टाकणारा. तिच्याजवळ आकडेवारी नव्हती, ग्रंथालय नव्हतं. घरात, वस्तीत पाहिलेलं होतं आणि त्यातून निष्कर्ष काढण्याची हिंमत होती. 'असं लिहितात का पेपरात?' असं विचारणाऱ्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी हा निबंध वाचायला दिला.

या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग १५० शब्दांच्या उत्तराला दिला आहे, आणि त्याची पद्धत एका उदाहरणाने इथेच दाखवते. प्रश्न असा घेऊ: 'कांदा निर्यातीवरील निर्बंधांचे उत्पादकांवर झालेले परिणाम स्पष्ट करा.' नाशिक जिल्ह्यातल्या मुलाला यापेक्षा घरचा प्रश्न मिळणार नाही. लासलगावची बाजार समिती जगाला ठाऊक आहे, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कांद्याची चाळ आहे. तरीही येणारं उत्तर बहुधा असं असतं:

'भारत हा कृषिप्रधान देश आहे. कांदा हे शेतकऱ्यांचे महत्त्वाचे नगदी पीक आहे. निर्यातबंदीमुळे शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान होते व ते कर्जबाजारी होतात. यावर शासनाने ठोस उपाययोजना करणे ही काळाची गरज आहे.'

यातलं एकही वाक्य निफाडच्या मुलानेच लिहिलेलं असावं असं वाटत नाही. हेच उत्तर उसाबद्दल, कापसाबद्दल, टोमॅटोबद्दल शब्द बदलून चालेल. जे उत्तर कुठल्याही पिकाला चालतं ते या प्रश्नाचं उत्तर नव्हे, हा माझा वर्गातला पहिला नियम. आता त्याच मुलाला मी विचारते: बंदी कधी आली? तेव्हा तुझ्या शेतात कुठला कांदा होता? तो किती दिवस टिकतो? तो सगळं सांगतो, मला माहीत नसलेलंही सांगतो. मग आम्ही दोघं मिळून लिहितो:

'१९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली आणि ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क यांसह. नऊ महिन्यांत धोरण किमान तीनदा बदलले. पहिला परिणाम विक्रीच्या वेळेवर झाला. डिसेंबरमध्ये बाजारात येणारा लाल कांदा चाळीत टिकत नाही, त्यामुळे भाव पडले तरी तो विकावाच लागतो. मार्चनंतर निघणारा उन्हाळ कांदा काही महिने साठवता येतो, पण साठवणुकीचा निर्णय पुढे निर्यात खुली होईल की नाही या अंदाजावर अवलंबून राहिला. दुसरा परिणाम व्यवहारावर झाला. ऑगस्टमध्ये शुल्काच्या निषेधार्थ जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद राहिले. निर्बंधांमागे शहरी ग्राहकाला परवडणारा भाव हे कारण होते व ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. तथापि दरवाढ रोखण्याचा भार प्रामुख्याने उत्पादकावर पडला.'

हे उत्तर आदर्श आहे असा माझा दावा नाही. शेवटच्या वाक्याला अजून आधार हवा, आणि एखाद्या समितीचे त्या महिन्यांतले भाव हाताशी असते तर मी 'भाव पडले तरी' असं मोघम सोडलं नसतं. विद्यार्थ्यांनी हे उत्तर दुरुस्त करावं म्हणूनच ते पुस्तकात आलं आहे. पण एक पाहा. 'प्रचंड' नाही, 'काळाची गरज' नाही. लाल आणि उन्हाळ कांद्यातला फरक ही गोष्ट बाहेरच्या परीक्षार्थीला पुस्तकात शोधावी लागेल. नाशिकच्या मुलाच्या ती अंगणात आहे. आणि ग्राहकाची बाजू एका वाक्यात का होईना, आली आहे. स्वतःच्या शेतावर बेतलेल्या विषयात समोरच्याची बाजू लिहिणं त्या मुलाला जड गेलं होतं. वाक्य त्याने तीनदा खोडलं. शेवटी राहिलं ते त्याचंच आहे.

प्रश्नातल्या क्रियापदांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. स्पष्ट करा, विशद करा, चर्चा करा, तुलना करा, मूल्यमापन करा, भाष्य करा. यांतले फरक घोकून फारसं हाती लागत नाही, पण एका शब्दाशी थांबायला हवं. 'टीकात्मक परीक्षण करा' म्हटलं की आपली मुलं फक्त दोष लिहितात, कारण रोजच्या बोलण्यात टीका म्हणजे नावं ठेवणं. आपल्या परंपरेत मात्र टीका म्हणजे उलगडून सांगणं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. ज्ञानदेवांनी गीतेत दोष काढले असं कोणी म्हणणार नाही. तेव्हा टीकात्मक परीक्षणात आधी ती गोष्ट आहे तशी उलगडा, ती कुठे टिकते ते सांगा, कुठे टिकत नाही ते सांगा आणि मग आपला निवाडा द्या. हे सांगितल्यावर वर्गातले चेहरे उजळतात, आणि दरवेळी मला वाटतं की हे त्यांना आठवीतच सांगायला हवं होतं.

भाषेबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्या जिल्ह्यात हा प्रश्न नाजूक आहे. बागलाण-मालेगावकडची मुलं घरी अहिराणी बोलतात. सुरगाणा-पेठकडची मुलं कोकणी किंवा वारली बोलत वाढतात. या मुलांना शाळेत पहिला धडा मिळतो तो आपलं बोलणं अशुद्ध असल्याचा. मग ती प्रमाण मराठीत लिहू लागतात तेव्हा सुरक्षित वाक्यं शोधतात, जी कोणी चूक म्हणणार नाही अशी. 'केले जाते', 'मानले जाते', 'असे तज्ज्ञांचे मत आहे'. कोण करतं, कोण मानतं, कोण तज्ज्ञ, याचा पत्ता नाही. मला आधी वाटायचं की हा आळस आहे. बऱ्याच वर्षांनी कळलं की ही भीती आहे. कर्ता लिहिला की विधानाची जबाबदारी येते, आणि ज्याला आपल्या भाषेचीच लाज वाटायला लावली आहे तो जबाबदारी कशी घेणार? म्हणून पहिले काही आठवडे मी मुलांना पहिला मसुदा त्यांच्या बोलीत लिहू देते. सुरगाण्याचा मुलगा पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात बायकांची पाण्यासाठी पायपीट हे आपल्या बोलीत असं लिहितो की वाचताना डोंगर दिसतो. मग ते प्रमाण मराठीत आणायचं. आणताना कर्ता, जागा आणि महिना गळता कामा नये, एवढीच अट. व्याकरण आणि शुद्धलेखनाच्या चुका नंतर सुधारता येतात, आणि त्या सुधारायलाच हव्यात, कारण परीक्षक त्या बघतो. पण रिकामं वाक्य शुद्ध लिहिलं तरी रिकामंच राहतं.

आता घड्याळ. नमुना म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा घेऊ. तिथे सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस प्रश्न असतात. दहा प्रश्न १५० शब्दांचे, दहा गुणांचे. दहा प्रश्न २५० शब्दांचे, पंधरा गुणांचे. १८० मिनिटांचा हिशेब सात आणि अकरा मिनिटांवर येतो. सात मिनिटांत प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, लिहायचा. शिकवताना मी पहिलं मिनिट पेन खाली ठेवायला लावते. त्या मिनिटात फक्त दोन गोष्टी ठरवायच्या: माझं म्हणणं काय आणि ते कशावर उभं आहे. समासात दोन-तीन शब्द टिपले तरी पुरे. सुरुवातीला मुलांचा जीव वर-खाली होतो, शेजारचा लिहीत सुटला आहे आणि आपण गप्प बसलो आहोत ही जाणीव फार छळते. दीड-दोन महिन्यांनी तीच मुलं सांगतात की हे मिनिट वाया जात नाही, पुढची खाडाखोड वाचते.

सुरुवातीलाच घड्याळ लावायचं का, यावर शिक्षकांमध्ये मतभेद आहेत. माझं मत स्पष्ट आहे: लावू नये. पहिले पंचवीस-तीस प्रश्न वेळ न लावता, हवं तर पुस्तक उघडं ठेवून लिहावेत. जो पोहायला शिकतो आहे त्याला पहिल्याच दिवशी पुरात ढकलत नाहीत. विधान आणि पुरावा जोडण्याची सवय हाताला लागली की मग वीस मिनिटं, पंधरा, दहा, सात असं उतरत यावं. उलट क्रमाने गेलं की मुलं वेगाने पोकळ लिहायला शिकतात, आणि ती सवय मोडणं फार अवघड जातं. वर्षानुवर्षं बहुपर्यायी प्रश्न सोडवलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट आहे, बोटं. तीन तास सलग लिहिल्यावर हात भरून येतो, अक्षर कोसळतं. त्यासाठी रोज दोन पानं लिहिणं याला पर्याय नाही.

निबंधाचा वेळ वेगळा आणि त्याचा स्वभावही वेगळा. केंद्रीय परीक्षेत तीन तासांत हजार-बाराशे शब्दांचे दोन निबंध, म्हणजे एकेकाला दीड तास. इथे मुलांची पहिली धाव सुभाषितांकडे असते. विषय कुठलाही असो, सुरुवातीला एक वचन, शेवटी एक कविता, अशा पाठ केलेल्या संग्रहांचा मोठा व्यापार चालतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिले सहा महिने कुणाचंही वचन वापरू देत नाही. आधी स्वतःच्या पायावर उभं राहून दीड तास विचार करता येतो का ते पाहू.

निबंधाच्या प्रकरणासाठी मी जो विषय घेतला तो आहे 'नदीचे पाणी कोणाचे?' नाशिकमध्ये हा विषय काढला की आवाज चढतात. गंगापूर, दारणा ही धरणं आपल्या उशाशी, आणि पाणी सोडायचं पैठणच्या जायकवाडीला. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आणलं. पुढे मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे सूत्र ठरलं: १५ ऑक्टोबरला साठ्याचा आढावा घ्यायचा आणि जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं. कमी पावसाच्या वर्षी नाशिकमध्ये त्याविरुद्ध आंदोलनं होतात, मराठवाड्यात ते पाणी मिळावं म्हणून होतात.

माझ्या वर्गातल्या मुलांनी पहिल्यांदा हा निबंध लिहिला तेव्हा सगळेच्या सगळे नाशिकच्या बाजूने होते. द्राक्षबागा, शहराचं पिणं, धरणासाठी जमिनी दिलेली गावं. सगळं खरं होतं. मग मी त्यांना सांगितलं, हाच निबंध तुम्ही पैठण तालुक्यातल्या एखाद्या घरात बसून लिहिताय असं समजा. पुरावे तेच, तोच कायदा, तेच ६५ टक्के. वर्गात बराच वेळ शांतता होती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग तर आपण उशाशी आहोत हाच आपल्याविरुद्धचा पुरावा होतो." त्या वाक्याने पुढचा संपूर्ण तास खाल्ला आणि तो माझ्या शिकवण्यातल्या चांगल्या तासांपैकी एक होता. तिसऱ्या वेळी लिहिलेल्या निबंधांत काहींनी आपली बाजू बदलली, काहींनी नाही. पण न बदलणाऱ्यांच्या निबंधातही आता खालच्या अंगाचा शेतकरी दिसत होता, आणि आपली बाजू त्याच्यासमोर सांगायची असल्यासारखी त्यांची वाक्यं जबाबदार झाली होती.

शिक्षकांसाठी पुस्तकाच्या शेवटी काही पानं आहेत. त्यांच्याबद्दल एकच सांगते. वही परत देताना शेवटी 'छान', 'सुधारणा हवी', 'मुद्दे वाढवा' असं लिहायची आपल्याला सवय आहे. मीही कितीतरी वर्षं तेच लिहीत आले. त्याने मुलाला काही कळत नाही. त्याऐवजी वाक्यापाशीच, समासात, प्रश्न लिहा: कशावरून? किती? कधी? कोणी? साठ वह्यांना हे जमत नाही ही शिक्षकांची तक्रार खरी आहे आणि तिचा मला पूर्ण आदर आहे. म्हणून मी मुलांनाच जोडीने एकमेकांच्या वह्या वाचायला लावते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या उत्तरात एकच विधान निवडायचं आणि 'कशावरून?' असं विचारायचं. मित्राने विचारलेला हा प्रश्न माझ्या लाल शाईपेक्षा खोल जातो.

पुस्तकात ऐंशी प्रश्न आहेत. बरेचसे नाशिक जिल्ह्यातले, काही राज्यातले, थोडे त्यापलीकडचे. आदर्श उत्तरं मुद्दामच फार थोडी दिली आहेत आणि जी दिली त्यांत दुरुस्तीला जागा ठेवली आहे. प्रत्येक प्रश्नाखाली आधी कोरा समास आहे, मग कोरं पान. सावानात, म्हणजे १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, बसून मी यातले बरेच प्रश्न तयार केले. विद्यार्थ्यांनीही तिथे जावं, जुनी वर्तमानपत्रं चाळावीत, एखादी तारीख स्वतः शोधून काढण्याचा आनंद घ्यावा.

पहिला प्रश्न गोदावरीच्या पुरावर आहे. त्याला वेळ लावू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आधी विचारा, त्यांनी पाहिलेल्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. त्यांनी सांगितलेली खूण समासात लिहा, मग पेन उचला.

नाशिक
मराठी भाषा गौरव दिन